रात्री गाडी उभी कुठे राहते, ते आधी बघू

पत्र :
आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीजवळ राहतो. मी रोज महापेला एमआयडीसीत नोकरीला जाते, जाऊन-येऊन ४८ किलोमीटर. जुनी पेट्रोल गाडी विकून इलेक्ट्रिक घ्यावी असं माझ्या मनात आहे. गाव कणकवलीजवळ. गणपती, शिमगा, मे महिना धरून वर्षातून चारदा जाणं होतं, सोबत सासूबाई आणि दोन मुलं. धाकटे दीर पंपांच्या कंपनीत विक्रीला आहेत, परभणी-हिंगोली-नांदेड पट्ट्यात फिरतात. ते म्हणतात, "वहिनी, थांबा. रेंज एक्स्टेंडरवाल्या गाड्या येतायत. बॅटरीवर चालते, बॅटरी उतरली की छोटं पेट्रोल इंजिन वीज तयार करतं. सोसायटीत चार्जिंग नसलं तरी अडत नाही." नवऱ्याला दोघांचंही पटतं. बजेट अठरा लाखांचं. स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या पार्किंगमध्ये) आमची ठरलेली जागा आहे, पण चार्जिंग पॉइंटला कमिटीने अजून होकार दिलेला नाही. थांबू की घेऊ?
– घोडबंदर रोडवरची एक वाचक

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. कमिटीने अजून होकार दिलेला नाही, हे. कणकवली, घाट, दिरांचं म्हणणं हे सगळं त्याच्या नंतरचं. तुमचे दीर भल्यासाठीच सांगताहेत, पण "चार्जिंग नसलं तरी अडत नाही" इथे त्यांची गफलत होतेय, आणि पुष्कळ जणांची होते.

रेंज एक्स्टेंडर म्हणजे काय, ते मंगल कार्यालयाच्या मागे उभा असलेला जनरेटर डोळ्यांसमोर आणा. हॉलमधले पंखे तो स्वतः फिरवत नाही, तो फक्त वीज करतो. या गाडीतही चाकं फिरवते ती इलेक्ट्रिक मोटर. इंजिनाचा चाकांशी संबंध नसतो, ते एका ठरावीक गतीने चालून वीज बनवतं. बॅटरी बाहेरून प्लग लावून भरायची, ती संपली की पेट्रोलवर वीज करत पुढे जायचं. कल्पना चांगली आहे, नवीनही नाही. बीएमडब्ल्यूने २०१३ मध्ये आय३ या छोट्या गाडीत स्कूटरचं ६४७ सीसीचं दोन सिलिंडरी इंजिन आणि जेमतेम ९ लिटरची टाकी बसवून हेच केलं होतं.

आता विचार करा, रात्री प्लग लावायला जागाच नसेल तर ही गाडी काय करेल? रोज इंजिनवर चालेल. इंजिनातून जनरेटरला, जनरेटरमधून बॅटरीला नाहीतर मोटरला, मोटरमधून चाकाला. प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. शहरातल्या थांब-चाल वाहतुकीत हे खपून जातं, कारण इंजिन आपल्या सोयीच्या गतीवर चालतं. पण हायवेला एकसारख्या वेगात इंजिन थेट चाकाला जोडलेलं असणं जास्त किफायतशीर. म्हणूनच २०२२ मध्ये आपल्याकडे आलेल्या होंडा सिटी हायब्रिडमध्ये शहरात मोटर गाडी ओढते आणि हायवेच्या वेगाला क्लच लागून इंजिन सरळ चाकांना जोडलं जातं. प्लग न मिळालेला रेंज एक्स्टेंडर म्हणजे अंगावर मोठ्या बॅटरीचं ओझं घेतलेली पेट्रोल गाडी. प्लगची गरज दोन्ही गाड्यांना सारखीच आहे. त्यामुळे कमिटीचा प्रश्न टाळून दिरांच्या वाटेने जाता येत नाही.

आता प्लग मिळाला असं धरू. मग तुमच्या ४८ किलोमीटरचा हिशेब करू. महिन्याचे २४ दिवस धरले तर साधारण ११५० किलोमीटर. माजिवड्याचा खोळंबा, कळवा-विटाव्याची रांग या सगळ्यात इलेक्ट्रिक गाडी युनिटला ७ किलोमीटर तरी जाते, कारण ब्रेक दाबला की थोडी वीज परत बॅटरीत येते आणि गाडी उभी असताना मोटर काही खात नाही. चार्ज करताना होणारा तोटा धरून महिन्याला सुमारे १८५ युनिट. दर युनिटला १० ते १४ रुपये धरला तरी दोन-अडीच हजारांत महिना निघतो. तोच प्रवास लिटरला १३ देणाऱ्या पेट्रोल गाडीने केला तर ८८ लिटर लागतात. लिटरला शंभर रुपये धरले, तरी पावणेनऊ हजार.

एक सांभाळा. घरच्याच मीटरवर गाडी लावली तर तुमचा महिन्याचा वापर तीनशे युनिटच्या पुढे जाईल, आणि त्यापुढच्या टप्प्याचा दर झपकन चढतो. वर १४ रुपये धरलेत ते त्यासाठीच. महावितरणकडे गाडीसाठी वेगळी जोडणी मागता येते, चार्जिंगचा दर वेगळा आहे. घरचं बिल घेऊन बसा आणि दोन्ही आकडे एकदा मांडून बघा.

रेंज एक्स्टेंडर रोज प्लगवर भरला तर हाच खर्च त्यालाही येईल, कारण ४८ किलोमीटर त्याच्या बॅटरीत आरामात बसतात. म्हणजे तुमच्या वर्षाच्या तीनशे दिवसांत त्याचं इंजिन सुरूच होणार नाही. ते नुसतं तुमच्यासोबत फिरेल. त्याला ऑइल लागेल, कूलंट लागेल, फिल्टर लागतील, पीयूसी लागेल. आणि टाकीतलं पेट्रोल शिळं होईल. ही माझी कल्पना नाही. अमेरिकेत २०१० च्या अखेरीस आलेल्या शेवर्ले व्होल्टमध्ये कंपनीला खास सोय करावी लागली होती. बरेच दिवस इंजिन चाललं नाही, तर साधारण दीड महिन्याने गाडी ते आपणहून थोडा वेळ चालवायची, आणि टाकीतलं पेट्रोल वर्षभराचं जुनं झालं की जाळून टाकायची. आपल्याकडे तर पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉल हवेतला ओलावा धरतं. ठाण्याच्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने बंद राहणारं इंजिन आणि त्याच्याजवळ इथेनॉलमिश्रित पेट्रोलची टाकी ही जोडी मला तरी मनापासून आवडत नाही. टाकी बंदिस्त ठेवून कंपन्या त्याचा बंदोबस्त करतात हे खरं. पण न वापरलेल्या यंत्राची निगा ही वापरलेल्यापेक्षा कटकटीची असते, हे गॅरेजात उभं राहिलेला कुणीही सांगेल.

किमतीचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीत पूर्ण इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के कर आहे. पेट्रोल इंजिन आणि मोटर दोन्ही असलेली गाडी चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के, त्याहून मोठी असेल तर थेट ४० टक्के. दोन मुलं, सासूबाई आणि गावाहून येताना तांदळाचं पोतं बसेल अशी गाडी चार मीटरच्या आत शोधणं कठीण. शिवाय राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणातली मोटार वाहन करमाफी आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी, अटल सेतू यांवरची टोलमाफी पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांसाठी आहे. हे धोरण मार्च २०३० पर्यंतचं. अठरा लाखांच्या बजेटमध्ये हा फरक छोटा नाही. आणि अशी गाडी आपल्या रस्त्यांवर अजून सहज दिसतही नाही. जी दिसत नाही तिची वाट बघत जुनी गाडी रेटत राहायची, त्यात दर महिन्याला सहा-साडेसहा हजार रुपये जास्तीचे जाळायचे, हे मला पटत नाही.

मग चीनमध्ये या गाड्या एवढ्या का खपतात, असं दीर विचारतील. बरोबर विचारतील. ली ऑटो या कंपनीने २०२४ या एका वर्षात पाच लाखांहून जास्त गाड्या दिल्या, त्यातल्या बहुतेक याच प्रकारच्या. तिथे उंच इमारतींत राहणाऱ्यांना घरी चार्जर मिळत नाही, उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीत बॅटरीची रेंज उतरते, आणि सणाच्या सुट्टीत माणसं शेकडो किलोमीटर दूर गावी निघतात. यातली थंडी आपल्याकडे नाही. घरच्या चार्जरचं आणि सणाचं दुखणं मात्र आपलंच आहे, म्हणून त्या दोन्हीवर मी पुढे सविस्तर लिहितो.

आणि दिरांना सांगा, त्यांच्या स्वतःसाठी त्यांचा विचार अगदी योग्य आहे. दिवसाला तीनशे किलोमीटर, रात्रीचा मुक्काम आज जिंतूरला तर उद्या औंढ्याला, लॉजच्या अंगणात प्लग मिळेल की नाही याचा भरवसा नाही, गिऱ्हाइकाच्या शेतावर वेळेत पोचायचं. अशा माणसाला टाकीत पेट्रोल असलेली गाडीच हवी. त्यांनी जरूर थांबावं. गाडी आली की एक गोष्ट मात्र तपासावी, चढासाठी बॅटरी राखून ठेवण्याची सोय आहे का. बीएमडब्ल्यूच्या त्या आय३ मध्ये युरोपातल्या चालकाला इंजिन आधीच सुरू करून बॅटरी राखता यायची. अमेरिकेतल्या गाडीत ती सोय काढलेली होती, बॅटरी तळाला गेल्यावरच इंजिन लागायचं. लांब चढावर स्कूटरचं ते इंजिन लागेल तेवढी वीज पुरवू शकायचं नाही, आणि गाडीचा वेग हायवेवर मध्येच पडायचा. तिथे मोठ्या तक्रारी झाल्या. त्यामुळे इंजिन असलं की घाटाची काळजी मिटली, असं सरसकट म्हणता येत नाही. इंजिन किती ताकदीचं आहे आणि ते कधी सुरू करायचं हे तुमच्या हातात आहे का, यावर सगळं आहे.

आता कमिटी. इथे तुम्हाला खरा जोर लावायचा आहे.

सोसायट्या बहुतेक वेळा दुष्टपणाने नकार देत नाहीत, घाबरून देतात. त्यांच्या डोळ्यांसमोर पेट घेतलेल्या स्कूटरचा व्हिडिओ असतो आणि मीटर रूममध्ये लोड वाढून अख्ख्या विंगची वीज जाईल ही धास्ती असते. ती भीती आकड्यांनी घालवा. तुम्हाला रोज ७-८ युनिट भरायचे आहेत. त्यासाठी भिंतीवरचा सात किलोवॅटचा मोठा चार्जर लागतच नाही. १५ अँपिअरचा साधा पॉइंट पुरतो, तो तीन किलोवॅटच्या आसपास वीज घेतो आणि तुमचं काम तीन तासांत होतं. तीन किलोवॅट म्हणजे दीड गीझर. किंवा दीड टनाचे दोन एसी. तुमच्या विंगमध्ये गेल्या पाच वर्षांत किती एसी लागले आणि त्यातल्या कितीजणांनी कमिटीला विचारलं होतं, हे सेक्रेटरींना शांतपणे विचारा. भांडू नका, त्यांच्यासोबत मीटर रूममध्ये उभं राहून बोला.

माझ्या पहिल्या इलेक्ट्रिक गाडीच्या वेळी मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. परवानगीची घाई होती म्हणून वॉचमनच्या खोलीबाहेर पाण्याच्या मोटरसाठी असलेल्या जुन्या १५ अँपिअरच्या सॉकेटला गाडी लावायला लागलो. तीन आठवड्यांनी एका रात्री प्लग काढताना बोटांना चटका बसला. सॉकेटचं पांढरं प्लास्टिक एका भोकाभोवती चहासारखं तपकिरी झालं होतं आणि पितळी पिनेवर काळा थर होता. सॉकेटमधला स्क्रू सैल होता, एवढंच. गीझर पंधरा मिनिटं चालतो म्हणून सैल जोड चालून जातो. गाडी तासन्‌तास सलग तेवढीच वीज ओढते, तिथे तो जोड तापत राहतो. गाडीची बॅटरी नव्हे, असा जुना सॉकेट आणि एक्स्टेंशन बोर्ड हा सोसायटीतला खरा धोका आहे. कमिटीला हे तुम्हीच सांगा. त्यांचा विश्वास बसेल, कारण तुम्ही धोका लपवत नाही आहात.

म्हणून अर्जात हे लिहा: तुमच्या मीटरपासून किंवा नव्या जोडणीपासून तुमच्या पार्किंगच्या खांबापर्यंत स्वतंत्र आर्मर्ड (धातूच्या कवचाची) केबल, तिचा स्वतंत्र एमसीबी (लोड वाढला की वीज तोडणारा), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की तोडणारा), चांगलं अर्थिंग, नवा औद्योगिक दर्जाचा सॉकेट, काम लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनकडून, सगळा खर्च तुमचा. सोबत इलेक्ट्रिशियनचं मोजमाप जोडा. केबल किती मीटर, कुठल्या भिंतीने जाणार, ते खडूने प्रत्यक्ष दाखवा. आमच्याकडे मीटर रूमपासून खांबापर्यंत ३८ मीटर भरले होते, आणि खडूची ती रेघ बघितल्यावर "स्लॅब फोडणार का?" हा प्रश्न विचारणारे काका स्वतःहून गप्प झाले. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि विषय सभेच्या अजेंड्यावर लेखी मागा. आणखी दोन-तीन सभासदांच्या सह्या मिळाल्या तर फारच चांगलं. मग सोसायटीच एक सामाईक जोडणी घेऊन सबमीटर लावू शकते.

घोडबंदरला नव्या टॉवरांमध्ये पझल पार्किंग असतं, गाड्या वर-खाली सरकणारं. तिथे केबल नेणं अवघड असतं, आणि तसं असतं तर मी तुम्हाला पूर्ण वेगळा सल्ला दिला असता. तुमची जागा स्टिल्टला, ठरलेली आहे. ही जमेची बाजू तुम्ही कमी लेखताय.

कमिटीने सगळं करूनही नकार दिला तर? महापेच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये सॉकेट मिळतो का ते विचारा. दिवसभर गाडी तिथे नऊ तास उभी असते, तेवढ्यात तुमच्या दोन-तीन दिवसांची सोय होते. तेही नाही झालं तर मात्र इलेक्ट्रिक घेऊ नका. दर चार दिवसांनी कापूरबावडीच्या आसपास फास्ट चार्जरवर रांगेत बसणं नोकरी आणि मुलं सांभाळणाऱ्या बाईच्या जिवावर येतं, आणि तिथली वीज महागही असते. मग प्लग न लागणारी साधी स्ट्राँग हायब्रिड घ्या, वर सांगितलेल्या होंडा सिटीच्या प्रकारची. लिटरला वीसच्या वर देते. पण रेंज एक्स्टेंडर नको, कारण वर सांगितलंच.

कणकवलीची भीती मला मान्य आहे, ती उगाच नाही. तुमच्या घरापासून साधारण ४४० किलोमीटर. ४५ किलोवॅट-तासांची, म्हणजे ४५ युनिटची, बॅटरी असलेली गाडी घेतली आणि ८०-९० च्या वेगाने गेलात, तर युनिटला ६ किलोमीटर धरा. ब्रोशरवरची रेंज विसरा, ती प्रयोगशाळेतली असते. पहाटे पाचला पूर्ण भरून निघालात की महाडला सुमारे १७५ किलोमीटर होतात, बॅटरीत तिसऱ्या हिश्शाएवढं उरलेलं असतं. तिथे ऐंशी टक्क्यांच्या थोडं वर न्या. पुढे कशेडीचा बोगदा, चिपळूण, संगमेश्वर करत हातखंब्याच्या आसपास दुसरा थांबा. मग राजापूरवरून कणकवली. पाऊण-पाऊण तासाचे दोन थांबे. दोन मुलं आणि सासूबाई सोबत असताना तुम्ही आत्ताही तेवढे थांबतच असाल, फक्त ते थांबे आता चार्जर असलेल्या हॉटेलात घ्यायचे.

खरी अडचण गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांची आहे. रस्त्यात अडकण्याची नव्हे. जाममध्ये चार तास एसी लावून बसलात तरी ४ ते ६ युनिट जातात, बॅटरीच्या आठव्या हिश्शाएवढी. अडचण चार्जरच्या रांगेची, आणि बंद पडलेल्या चार्जरची. मागच्या एका जूनमध्ये रात्री साडेदहाला हायवेवर मी अशा एका चार्जरसमोर उभा होतो. पाऊस तिरका, स्क्रीनवर एकच वाक्य गोठलेलं, चार्जिंगची दुसरी गन काढलेली. बॅटरीत १९ टक्के होते, म्हणून पुढच्या ठिकाणी पोचलो. दहा टक्क्यांवर असतो तर हॉटेलवाल्याच्या स्वयंपाकघरातल्या सॉकेटवर रात्र काढावी लागली असती. तेव्हापासून माझा नियम आहे: वीस टक्क्यांच्या आसपास चार्जरवर पोचायचं, प्रत्येक थांब्याच्या अलीकडे किंवा पलीकडे तीस-चाळीस किलोमीटरवर दुसरी जागा माहीत ठेवायची, आणि निघण्याआधी हॉटेलला फोन करून "मशीन चालू आहे का, रात्री किती वाजेपर्यंत" हे माणसाच्या तोंडून ऐकायचं. ॲपवर हिरवा ठिपका असतो तेव्हाही. आणि गणपतीला शक्य असेल तर एक दिवस आधी, भल्या पहाटे निघा.

पहिली खेप गणपतीला करू नका. गाडी आल्यावर एखादा साधा शनिवार-रविवार बघून महाडपर्यंत जाऊन या, सासूबाईंना घेऊन. त्यांना गाडी आवाज करत नाही याचं बरं वाटतं की मळमळतं, तेही कळेल. काहींना सुरुवातीला मळमळतं. पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, त्या ब्रेकिंगची ताकद कमीवर ठेवली की बहुधा बरं पडतं.

जोराच्या पावसात विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचलं असेल, तर इलेक्ट्रिक असली तरी गाडी घालू नका. बॅटरी सीलबंद असते, पण किती खोल आहे ते वरून दिसत नाही.

गावच्या घरी पोचल्यावर एक गोष्ट नक्की होईल. ओसरीवरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला चार्जर लावाल आणि त्यावर लाल दिवा लुकलुकेल. घाबरू नका, गाडी बिघडलेली नाही. जांभ्याच्या जमिनीत, विशेषतः मे महिन्यात, अर्थिंग सुकतं आणि चार्जर ते ओळखून वीज घ्यायलाच नकार देतो. अर्थिंगचा खड्डा घराच्या कुठल्या कोपऱ्यात आहे ते आत्ताच फोन करून विचारून ठेवा. गावच्या वायरमनकडून त्यात मीठ-कोळसा नव्याने भरून घ्या, आणि मेमध्ये गेलात की प्लग लावण्याच्या आधी त्यात दोन कळश्या पाणी ओता.